कोण कुणाच्या मागे आलं

निरंजन सुरवसे कॅनडाहून परत आला तेव्हा भोसरीत जो भेटेल त्याला त्याने एकच सांगितलं, स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय म्हणून आलो. खरं कारण वेगळं होतं. त्याची बायको विजयश्री विंडसरजवळच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होती. कंपनीला चाकणला नवा प्लांट उभा करायचा होता. इथली माणसं, इथली भाषा येते म्हणून तिला दोन वर्षांसाठी पाठवलं. दोनाची चार झाली. नोकरी तिकडचीच, पगारही तिकडचाच. निरंजनने तिथल्या गोदामातली नोकरी सोडली आणि तिच्याबरोबर आला. पण बायकोची बदली झाली म्हणून आलो, हे वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना.

वर्कशॉप मात्र त्याने खरंच टाकलं. एमआयडीसीत भाड्याचा गाळा, दोन लेथ, एक संगणकावर चालणारं सीएनसी मशीन. राहायला दोघं मोशीत. ती सकाळी कंपनीच्या बसने चाकणला, तो बाईकवर भोसरीला.

यंदा प्लांटचं काम संपलं आणि कंपनीने विजयश्रीला परत बोलावलं. दोघांच्या पीआर कार्डांची, म्हणजे तिथल्या कायम रहिवासाच्या कार्डांची, मुदत तोवर संपून गेली होती. विमानात बसायचं तर आधी अर्ज करून प्रवासाचा कागद मिळवायला हवा, आणि तो मिळायला कायम राहायचा हक्क शाबूत हवा. पाच वर्षांत निदान सातशे तीस दिवस कॅनडात काढलेले असावेत, असा नियम. दोघांचे जेमतेम साडेतीनशे भरत होते.

ताथवड्यातल्या एका एजंटाने, शेखर त्याचं नाव, कागद चाळले आणि म्हणाला, "मॅडमचं होईल. त्यांना कंपनीने पाठवलंय, त्यांचे इथले दिवस धरतात. तुमचं अवघड आहे भाऊ. तुम्ही तर इथे धंदा करताय." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "तिकडच्या एखाद्या फर्मचं पत्र करून देऊ का? तुम्ही त्यांचे कामगार, असं?"

निरंजन उठून बाहेर आला. त्यानंतर आठवडाभर त्याला जेवण गोड लागेना. ती एकटी जाईल, आपण इथे राहू, हा विचार करतच तो मशीनवर उभा राहायचा.

रविवारी विजयश्रीने स्वतःच नियम उघडला आणि चहा गार होईपर्यंत वाचत बसली. "हे बघ," ती म्हणाली. "कॅनडाच्या कंपनीने ज्याला बाहेर पाठवलंय, त्याच्यासोबत राहणाऱ्या नवऱ्याचे किंवा बायकोचे दिवससुद्धा धरतात. एजंटाने हे सांगितलंच नाही."

"मग माझं होतंय?"

"एक गोष्ट बघतील. कोण कुणाबरोबर गेलं. तू माझ्याबरोबर आलास, की मी तुझ्याबरोबर." तिने फोनवर त्याचं पान उघडलं. "आणि नेटवरच्या तुझ्या प्रोफाइलवर तू लिहिलंयस, 'स्वतःच्या उद्योगासाठी मायदेशी परतलो.'"

निरंजनचे कान लाल झाले. "खोडून टाकतो."

"खोडू नकोस, लपवाछपवी वाटेल. अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिही. का तसं लिहिलं होतंस, तेही लिही."

ते पत्र लिहिणं त्याला चार वर्षांतल्या मशीनवरच्या कुठल्याही कामापेक्षा कठीण गेलं. सोबत राहिल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दोघांच्या नावावर होता, गॅसही. कंपनीने पत्र दिलं. घरच्यांचंही एक निवेदन जोडावं असं ठरलं आणि निरंजन भोसरीच्या जुन्या खोलीत वडील मालोजी आणि आई दुर्गाबाईंसमोर जाऊन बसला.

"अण्णा, एक सही पाहिजे. पण त्याआधी सांगायचंय. मी वर्कशॉपसाठी आलो नव्हतो. विजूला कंपनीने पाठवलं, म्हणून आलो."

मालोजींनी चष्मा पुसला. "आमाला ठाऊक नव्हतं व्हय? ती आल्याआल्याच कंपनीच्या बसनं कामाला जायला लागली, तू मातूर गाळा शोधत फिरायचास सा महिने. वर्कशॉपसाठी आलेला माणूस आधी गाळा बघून येतो."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू सांगशील तवा सांगशील."

दुर्गाबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी ह्यांच्या मागं आष्टीहून इथं आले, तवा कुनी हसलं नव्हतं. तू बायकोसंगं आलास तर काय बिघडलं? आन मीपन सही करनार. मला लिहिता येतं."

दोघांनी सह्या केल्या. दुर्गाबाईंनी आडनावसुद्धा पूर्ण लिहिलं.

दीड महिन्याने, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, निरंजनच्या फोनवर मेल आला. त्याने तो तीनदा वाचला. हातातली चपाती डब्यात ठेवून विजयश्रीला फोन लावला, तर मागे प्लांटमधल्या प्रेस मशीनचा धडधडाट.

"काय? ऐकू येत नाही!"

"मिळालं! दोघांनाही!" तो ओरडला. गाळ्यातले दोन्ही ऑपरेटर दचकून बघायला लागले. पलीकडे प्रेस थांबली नाही, पण विजयश्रीचं हसू त्याला ऐकू आलं, आणि मग ती रडतेय हेही.

संध्याकाळी पेढे घेऊन दोघं भोसरीला गेले. मालोजींनी पेढा हातातच धरला. "म्हंजे आता तुमी तिकडचे झालात?"

"नाही अण्णा," विजयश्री म्हणाली. "राहायचा हक्क तेवढा टिकला. नागरिक व्हायचं तर पाच वर्षांत तीन वर्षं प्रत्यक्ष तिथे राहिलेलं लागतं. इथली चार वर्षं त्यात धरत नाहीत. जवळजवळ पहिल्यापासून मोजायचं."

"म्हंजे पासपोर्ट आपलाच?"

"सध्या आपलाच."

मालोजींनी पेढा तोंडात टाकला आणि खोक्यातला आणखी एक उचलला. निरंजनला आपली चार वर्षं वाया गेल्यासारखी वाटायला हवी होती, पण तसं काही वाटलं नाही. तिकडे जायचं होतं, तिच्याबरोबर जायचं होतं, आणि हे आता त्याला कुणाहीसमोर मोठ्याने म्हणता येत होतं.

"गाळ्याचं काय करनार?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"आपला ऑपरेटर नवनाथ बघेल. तसं बोलणं झालंय," तो म्हणाला, आणि आईच्या हातातलं ताट घेऊन जेवायला बसला.