झाकलेला नैवेद्य

आयुधपूजेच्या सकाळी हूटगळ्ळीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकालाही झेंडूची माळ चढली होती. आणि जिच्या कष्टांवर ती प्रयोगशाळा चालली होती, ती श्रीविद्या मात्र बाहेर पायरीवर उभी होती.

श्रीविद्या ही मालक बिंदुमाधवची वहिनी. थोरला भाऊ प्रणेश वारल्यापासून इथं काम करी. अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, मुळांवरच्या गाठी ठेचून हवेतला नत्र पिकाला पुरवणारे जिवाणू तिनं वेगळे काढले होते. काचेच्या बशीत त्या जिवाणूंच्या रेघा ओढायच्या, एकटा ठिपका उचलायचा, नव्या बशीत पुन्हा रेघा, वर्षभर हेच. शेवटी शुद्ध वाण हाती लागलं. बन्नूरचे शेतकरी त्याची वाट बघत होते. ज्या शेतातल्या त्या गाठी, तिथं आता घरांचे पाये पडले होते.

"तू आत येऊ नको गं, शुभ दिवस आहे," सासूबाई कमलाक्षीबाई म्हणाल्या.

"अत्ते, बशांना तेवढं कुणी हात..."

"अय्यो, कळतं आम्हाला! सवाष्णीनं करायचं काम आहे हे."

श्रीविद्यानं दिराकडं पाहिलं. तो चांगला एम.एस्सी. झालेला. "होगली बिडु, जाऊ दे वहिनी, एका दिवसाचा तर प्रश्न," म्हणून तो आत गेला.

आत कमलाक्षीबाईंनी बशांची झाकणं काढली, शुद्ध वाण जपून ठेवलेल्या नळ्यांचे कापसाचे बोळे उपसले आणि सगळ्यांत कुंकू-अक्षता टाकल्या.

"आई, उघडू नको ते."

"झाकलेला नैवेद्य देवाला पोचतो का रे?"

चारचौघांत आईला काय अडवायचं, म्हणून हा शहाणा गप्प बसला!

दसऱ्याची सुट्टी संपवून श्रीविद्या आली. सगळ्या बशांत हिरवी बुरशी, नळ्याही नासलेल्या.

"झाकणं कुणी काढली?"

"आईनं."

"तुम्ही कुठं होता, भाऊजी?"

"...तिथंच."

ती ओरडली नाही. तिनं बशा उकळायला लावल्या, अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला टांगला आणि बसस्टॉपकडं चालू लागली. त्याला तिच्यामागं जायचं धाडसही झालं नाही.

घरी कमलाक्षीबाई म्हणाल्या, "विधवेच्या हाताला यश कसलं?"

"तिच्या हाताला यश होतं, आई. नासवलं तू. आणि मी बघत उभा होतो." बिंदुमाधव म्हणाला.

खरं बोलला बिचारा. पण हे बोलायची जागा ती पायरी होती, आणि पायरीवर आता कुणी नव्हतं. वाचकहो, तुमच्या घरच्या पुढच्या पूजेला जरा दाराबाहेर बघा. तिथं कुणी उभं असेल, तर आरती थांबवा.