एवारिस्तोची उजवी टाच

आमच्या गावात एक्स-रे काढणारी आणि वाचणारी डॉक्टर मी एकटीच, त्यामुळे हाडांबद्दल खोटं बोलायला लोक माझ्याकडेच येतात. एवारिस्तो मार्चमध्ये आला. ऑलिव्हच्या घाण्यावर काम करणारा, बैलासारख्या मानेचा गडी.

"रेमे, फोटो झकास काढ हं. देखणा यायला हवा."

"तोंडाचा नाहीये. खुब्याचा आहे."

"म्हणून तर आशा आहे."

गुड फ्रायडेला मारिया माउलीचं चांदीचं मखर गावातून निघतं. उचलणारे आत, मखमली पडद्याआड असतात; डोक्याला चुंबळ आणि मानेवर आडवी तुळई. पुढच्या उजव्या कोपऱ्याची जागा एवारिस्तोची, त्याआधी त्याच्या वडिलांची. यंदा सरावात त्याचा पाय लटपटला आणि अख्खा कोपरा खचला. मखराचा मुकादम असलेल्या सालुस्तियानोने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "खुब्याचा फोटो आण. चांगला असला तर जागा तुझी, नाहीतर घरी बस."

खुब्यातली कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली काळी फट. कूर्चा झिजत गेली की फट बुजत जाते. झोपवून काढलेला फोटो कधीकधी फसवतो, म्हणून मी माणसाला उभं करते आणि अंगाचा भार पायांवर येऊ देते.

पहिला फोटो आला. फट अरुंद होती, पण होती. एवारिस्तो काचेपलीकडून माझा चेहरा न्याहाळत होता.

"काय मग डॉक्टरीणबाई? घोडा चालेल अजून?"

फोटोत कंबर एका बाजूला कलली होती. मी त्याच्या पायांकडे बघितलं. माझे वडीलही पूर्वी मखराचे मुकादम होते. मखराच्या पडद्याखालून पावलं तेवढी दिसतात, आणि आत कोण काय करतंय ते वडील पावलांवरून ओळखायचे. एवारिस्तोची उजवी टाच जमिनीला नुसती शिवत होती.

"अंग चोरतोयस, एवारिस्तो."

मखराखालच्या माणसाला आमच्याकडे आईवरून शिवी द्या, तो हसेल. पण या शब्दावरून मारामाऱ्या झालेल्या आहेत.

"कुणाला म्हणतेस? मला?"

"मग कुणाला? सगळा भार डाव्या पायावर टाकलायस. मखराखाली कुणी असं केलं तर तू काय करतोस?"

"लाथ घालतो."

"का?"

त्याने आपल्या उजव्या टाचेकडे बघितलं. चेहरा लालबुंद झाला होता.

"त्याचा भार शेजारच्याच्या मानेवर जातो," तो म्हणाला.

पहिला फोटो तसाच देता आला असता. मला त्याची दया आली, हे कबूल करते. पण चर्चपुढच्या उतारावर तो कोपरा पुन्हा खचला असता, तर माझी दया शेजारच्यांच्या मानांवर पडली असती.

मी काचेवर बोटाने टकटक केली, उचलायची खूण म्हणून मुकादम मखरावर करतो तशी. त्याने सवयीने मान खाली घातली, दोन्ही पावलं घट्ट रोवली आणि उजव्या पायावर भार येऊ दिला. ओठ पांढरे पडले, पण टाच हलली नाही. मी फोटो काढला.

या वेळी वरच्या बाजूला फट नव्हतीच. हाडाला हाड टेकलं होतं. मी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. घाण्यावरच्या माणसाला झिजलेला दगड ओळखायला शिकवावं लागत नाही.

त्याने टोपी उचलली, पण लगेच घातली नाही.

"आता उचललं ना मी?"

"उचललंस."

"मग सालुस्तियानोला तेवढं सांग. बाकीचं फोटोत आहेच."

त्याने शेवटी अंग चोरलं नाही, हे लिहायला रिपोर्टमध्ये जागा नसते. संध्याकाळी मी सालुस्तियानोच्या घरी गेले आणि तोंडी सांगितलं.