गावभट्टीचं धुराडं

धुराडं साफ करणारी बाई येणार असली की आठवडाभर आधी चिठ्ठी येते. तीत लिहिलेलं असतं: गुरुवारी सकाळी साडेआठला येते, भट्टी आदल्या दिवसापासून थंड ठेवा, धुराड्याच्या खालच्या दारापर्यंत वाट मोकळी ठेवा. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या ओबरहाल्डेन गावच्या भट्टीची किल्ली बावीस वर्षं माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. तरीही चिठ्ठी मी भट्टीघराच्या दारावर डकवली, आणि तीही रोझविठाच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर.

का, ते सांगते. गावातल्या चौदा बायका पाळीपाळीने या भट्टीत पाव भाजतात, लाकूड आपापलं आणतात. मागच्या वर्षी तपासणीच्या कागदावर 'काजळी जास्त' असं लिहून आलं. ओलं लाकूड जाळल्याशिवाय काजळी होत नाही, आणि रोझविठाच्या लाकडाची रास कोठाराच्या उत्तरेकडे, जिथे ऊन फिरकतही नाही. मग मी फळ्यावर नियम लिहिला: 'जिच्यामुळे धुराडं खराब होईल, तिला सणाच्या दिवशी भट्टी मिळणार नाही.' सण म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा रविवार. नवी वाइन, कांद्याचा खारा केक, आणि आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं. नाव काही लिहिलं नाही, पण लहान पोरालाही कळलं असतं.

रोझविठाला तर कळलंच. तेव्हापासून ती मला बेकरीतल्या अनोळखी बाईसारखी 'नमस्कार' म्हणते.

तर गुरुवारी सव्वाआठला मी दारात उभी होते. साडेआठला मारेन फोस्सेलर आली. पस्तिशीतली, काळा कोट, सोनेरी बटणं, खांद्यावर दोराचं वेटोळं. आधी धुराडं साफ करायला येणारे म्हातारे साहेब गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाले, ही त्यांच्या जागेवरची. मी आधी तिच्या कोटाचं बटण चोळून घेतलं. धुराडं साफ करणाऱ्याचं बटण सगळेच चोळतात, नशीब उजळतं म्हणतात. मी मनात मागितलं ते एवढंच की आज दोषी कोण ते उजेडात येऊ दे.

"नशीब उजळून झालं असेल तर कामाला लागू का?" मारेन म्हणाली.

"लागा, लागा. पण आधी एक सांगते. आमच्याकडे एक बाई ओलं लाकूड जाळते."

"असं? कळेलच."

तिने भट्टीच्या तोंडासमोर जुन्या चादरी अंथरल्या, त्या तोंडाला ओलं फडकं लावून कडेने दाबून घेतलं, म्हणजे काजळी खोलीत उडणार नाही. बुटांवर पिशव्या चढवल्या. मला हे आवडलं. म्हातारे साहेब सरळ आत येत आणि मी दुपारभर फरशी घासत बसे. मग ती शिडीवरून कौलांवर गेली, लोखंडी गोळा बांधलेला तारेचा ब्रश धुराड्यात सोडला आणि वरखाली करू लागली. खरर, खरर असा आवाज आतून येत होता. मी खाली जीव मुठीत धरून उभी. भीतीने नाही, आनंदाने.

नेमकी तेव्हाच रोझविठा आली. हातात टोपली, अंगावर चांगला स्वेटर.

"नमस्कार," ती म्हणाली.

"नमस्कार. आज कशी काय इकडे?"

"दारावर चिठ्ठी होती ना, माझ्या नाकासमोर. म्हटलं, बोलावणंच आहे."

मी म्हटलं, बस बाकावर. ती बसली आणि टोपलीतून चक्क विणकाम काढलं. तिच्या जागी मी असते तर तोंडचं पाणी पळालं असतं, पण ही टाके मोजत होती.

पाऊण तासाने मारेन खाली आली, धुराड्याचं खालचं लोखंडी दार उघडलं आणि काजळी बादलीत भरायला लागली. पहिली बादली साधी होती, मऊ आणि काळी. मग तिने लांब दांड्याचा आरसा आत घातला, बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिली. बघता बघता हात आत घालून तिने काहीतरी खरवडून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. वार्निशसारखं चकचकीत, काळं, कडक.

"ही ब्रशने निघत नाही," ती म्हणाली. "ही पेटली तर अख्खं धुराडं आतून पेटतं. तुमच्या धुराड्याच्या मधल्या भागात बोटभर बसलीय."

मी रोझविठाकडे वळले. मला आवाज वर न्यायचा नव्हता, पण तो आपोआप वर गेला. "ऐकलंस? बोटभर!"

"ऐकलं," रोझविठा म्हणाली. "माझी मोळी कोपऱ्यात आहे. शनिवारच्या पाळीची. तपासा ना, बाई."

मारेनने खिशातून दोन सुया असलेलं छोटं यंत्र काढलं. रोझविठाच्या मोळीतला एक ओंडका घेतला, फोडला, आतल्या बाजूला सुया टोचल्या.

"पंधरा टक्के ओल. उत्तम लाकूड आहे. दोन वर्षं वाळवलंय?"

"तीन," रोझविठा म्हणाली. "उत्तरेकडून वारं येतं ना. ऊन लागत नसलं तरी वाऱ्याने वाळतं." आणि पुन्हा टाके मोजायला लागली.

मग मारेनने भिंतीलगत रचलेल्या बाकीच्या सगळ्या राशी तपासल्या. माझी तेरा टक्के. सगळ्यांची वीसच्या आत. मी म्हटलं, "मग यंत्र बिघडलंय."

"यंत्र नाही बिघडलं, इर्मट्राउडबाई. एक सांगा, तुम्ही भट्टी पेटवता कशी? अगदी पहिल्यापासून सांगा."

हा प्रश्न मला मनापासून आवडला. बावीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. मी सगळं सांगितलं. काटक्यांची मोळी आत, वर ओंडके, दोन तास जाळ. मग निखारे ओढून बाहेर, ओल्या फडक्याने तळ पुसायचा, आधी छोटी रोटी टाकून तळ किती तापलाय ते बघायचं, आणि मग पाव.

"आणि धुराड्याची झडप?"

"ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही," मी म्हटलं. "प्रत्येकीच्या पाळीला मी स्वतः येते. त्यात माझी एक युक्ती आहे. दोन वर्षांपूर्वी लाकडाची टंचाई होती ना, तेव्हा शोधून काढली. जाळाने पकड घेतली की झडप अर्ध्यापेक्षा जास्त लावून टाकायची. ऊब आभाळाला कशाला द्यायची? एका पाळीला एक अख्खी मोळी वाचते!"

मी हाताने करूनही दाखवलं. झडपेची मूठ खाली ओढली, खट्.

मारेनने मूठ पुन्हा वर केली आणि हळूच म्हणाली, "जाळ असताना धुराला वाट हवी असते. वाट बंद केली की लाकूड धुमसतं. धूर थंड होतो आणि भिंतीवर चिकटतो. लाकूड कितीही कोरडं असलं तरी."

बाकावर रोझविठाचं विणकाम चालूच होतं.

"दोन वर्षं," मी म्हटलं.

"हो. काजळीची जाडीही तेवढीच आहे."

मग ती माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघा, मी कागदावर 'चकचकीत काजळी, काढून टाकली' एवढंच लिहिते. कुणामुळे, ते मी लिहीत नाही. धुराड्यात लोखंडी साखळी फिरवून दुपारपर्यंत मी हे सगळं खरवडते. येत्या रविवारी सणाला भट्टी खुशाल पेटवा."

म्हणजे मला वाट मोकळी होती. रोझविठा पाच पावलांवर होती, पण साठी उलटल्यापासून तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि डावा कान आमच्याकडे होता. मी नुसतं म्हणू शकले असते, 'काही नाही गं, जुनी भट्टी, व्हायचंच.' मला मोह झाला. खोटं कशाला बोलू, चांगला घट्ट मोह झाला. बावीस वर्षं सणाचा पहिला घाणा मी काढते, गर्दी दारात उभी असते आणि सगळे माझ्या हाताकडे बघत असतात. दुसरं काही मला तितकंसं जमत नाही.

आणि मग फळ्याकडे लक्ष गेलं. माझंच अक्षर, ठळक, खाली दोन रेघा. चीड आली. नियमाची नाही, इतक्या सुबक अक्षरात लिहिल्याची.

"रोझविठा!" मी ओरडले. "ऊठ."

"उठले. काय झालं?"

"मी केलंय. तुझं लाकूड नाही, माझी झडप. दोन वर्षं मीच धुराडं खराब केलं आणि तुला नावं ठेवली. रविवारी मला भट्टी नाही. ही घे किल्ली."

तिने विणकाम टोपलीत ठेवलं, किल्ली घेतली आणि म्हणाली, "इर्मट्राउड, माफी मागतेस की हुकूम देतेस?"

"दोन्ही."

"बरं. मग आधी माफी माग. हुकूम मी नंतर ऐकेन."

मी मागितली. नीट, शब्द न गिळता. मारेन तेवढ्यात घाईघाईने शिडी चढत होती, आणि वरून साखळीचा असा खणखणाट सुरू झाला की पुढचं बोलणं आम्हांला ओरडूनच करावं लागलं. त्यात रोझविठा ओरडून एवढंच म्हणाली, की सोमवारपासून किल्ली एक महिना तिच्याकडे, एक महिना माझ्याकडे. मीही ओरडून म्हटलं, चालेल.

रविवारी मी भट्टीघरात गेले नाही. नियम माझा होता. सकाळपासून अंगणात बसून सोळा किलो कांदे चिरले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कारण विचारू नये. झडप उघडी होती. वर सरळ, पातळ, निळसर धूर जात होता, असा मी दोन वर्षांत बघितलेला नव्हता.

बारा वाजता रांगेत उभी राहिले, हातात ताटली, पुढे चाळीस माणसं. रोझविठाने मला केकचा तुकडा कापून दिला, काठाचा, खमंग जळका. बाकावर जाऊन मी खाल्ला. जीभ पोळली. आणि तेव्हा लक्षात आलं, की बावीस वर्षांत सणाचा केक मी कधी गरम खाल्लाच नव्हता. माझ्या वाट्याला नेहमी संध्याकाळचा थंडगार उरलेला तुकडा यायचा.

मी उठले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.