दगडाचं धुवण

पुरातत्त्व खात्यात मला सगळे धुवणवाली म्हणतात. बावीस वर्षं मी दगड धुते आहे, तेव्हा नाव काही चुकीचं नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी दळायला वापरलेले दगड जमिनीतून निघतात, आमच्या खोलीत येतात. मी त्यांच्या खाचांमध्ये शुद्ध पाणी सोडायचं, मऊ ब्रशनं हळूच घासायचं आणि ते धुवण काचेवर घ्यायचं. मायक्रोस्कोपखाली खास उजेडात पिठाचा कण दिसला की त्याच्यावर एक काळी फुली उमटते. कणाच्या आकारावरून कळतं की त्या माणसांनी कंद कुटले की बिया दळल्या. एका दगडाचं धुवण एकदाच मिळतं. दुसऱ्यांदा धुतला की नुसतं पाणी.

त्यात आजच्या पिठाचा एक कण मिसळला तरी सगळं वाया, म्हणून त्या खोलीचा नियम एकच, पण कडक. कामाला यायच्या दिवशी घरी पिठाला हात लावायचा नाही. डबा खायचा तो दुसऱ्या इमारतीत, तोसुद्धा कोट काढून. त्यामुळे आमच्या घरी बावीस वर्षं कणीक मळली ती नवऱ्यानं. बसच्या इंजिनात दिवसभर हात काळे करणारा माणूस, पण कणीक अशी मळायचा की माझ्या सासूबाईही गप्प बसायच्या. तुझ्या आदिमानवांचे लाड तू करायचे आणि राबायचं मी, असं रोज एकदा तरी ऐकवायचा.

तीन महिन्यांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली.

तेव्हापासून दुकानातला पाव सुरू झाला. पहिले काही दिवस त्यानं खाल्ला, मग तोंड फिरवू लागला. दिवसा दीर त्याच्याजवळ बसायचे, तेही हात टेकून सांगायचे की वहिनी, आज दोन चमच्यांच्या वर काही गेलं नाही. मी इतकी थकले होते की रडायलाही बसून घ्यावं लागायचं.

इकडे आमच्या मॅडम दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. पंधरा वर्षं त्या एकच गोष्ट सांगत आल्या आणि पंधरा वर्षं लोक त्यांना हसत आले. आमच्या उत्खननाच्या जागी एके काळी मोठं तळं होतं. काठावर माणसं राहायची, मासे धरायची, लव्हाळ्याचे कंद खणून खायची. पुढे पाऊस कमी होत गेला आणि तळं आटलं. खाणं गेलं तशी माणसंही गेली, असं सगळे म्हणतात. मॅडम म्हणायच्या, गेली नाहीत. कोरड्या तळाशी झरे होते, तिथे ती सरकली आणि रानगवताच्या बिया दळून खायला लागली. पुरावा काही मिळेना. या वर्षी मात्र वरच्या, कोरड्या काळातल्या थरातून दळायचा एक दगड निघाला. एकच.

त्या मंगळवारी सकाळी नवऱ्यानं चार दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं. वाकड्या तोंडानं कसंबसं म्हणाला, "घरचं."

मी कणीक मळली. गरम गरम पोळी करून भरवली. मग कोपरापर्यंत हात धुतले, नखं ब्रशनं घासली, कपडे बदलले आणि कामावर गेले. त्या दिवशी तोच दगड धुवायचा होता. मी विसरले असं म्हणणार नाही. एक दिवस थांबता आलं असतं. मला वाटलं, चालेल.

गुरुवारी काचेवर अकरा कण सापडले. बियांचे. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मग खुर्चीत बसल्या.

"राहिली होती ती माणसं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला मात्र मंगळवारची कणीक आठवली.

कारण रानगवताच्या बिया आणि आपला गहू ही चुलत भावंडंच. दळून मोडलेले कण शेजारी ठेवले तर शहाण्यालाही ओळखता येत नाहीत. दगड धुताना शेजारी एक कोरी काच उघडी ठेवतात, हवेतून किंवा आपल्या अंगावरून काही पडलं तर तिच्यावर सापडावं म्हणून. ती तपासायचं काम माझं. मी ती तीन दिवस डबीत ठेवून दिली होती. शुक्रवारी पाहिली. तीन फुल्या.

ती काच टाकून द्यायची आणि दुसरी कोरी काच ठेवायची, तेवढंच काम होतं. कुणाला पत्ता लागला नसता. डबी घेऊन मी कचऱ्याच्या टोपलीपर्यंत गेलेही. पण ज्या कामापायी नवऱ्याला बावीस वर्षं कणीक मळायला लावली, ते काम शेवटी खोटं करायचं, हे काही मला जमेना. मी काच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी ती मायक्रोस्कोपखाली पाहिली. मग चष्मा काढला.

"मळलीस?"

"हो. मंगळवारी."

"का?"

"ते जेवत नव्हते, मॅडम."

"मग जेवले?"

"जेवले."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वही ओढून त्यांनी त्या दगडापुढे 'दूषित' लिहिलं आणि खाली सही केली. अकरापैकी माझे किती आणि तळ्यावरच्या माणसांचे किती, हे आता कुणालाच कळणार नाही. कदाचित अकराही त्यांचेच असतील. हा विचार मला अजून खातो.

"सोमवारपासून हाडांच्या खोलीत जा," वही मिटत त्या म्हणाल्या. "तिथे पिठाची अडचण नसते."

ही शिक्षा होती की दया, मला कळलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं. मी कोट खुंटीला अडकवला, किल्ली ठेवली आणि सवयीनं बेसिन एकदा घासून घेतलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि थांबत थांबत म्हणाला, "म्हणजे बावीस वर्षं... मी फुकट मळली." मी हसता हसता रडले. मग पीठ काढलं. नखांचा विचार न करता मळली, हात न धुताच तवा ठेवला.

त्यानं डाव्या हातानं पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"घट्ट आहे," म्हणाला. "शिकशील."

तळं आटल्यावर पहिल्यांदा बिया दळायला बसलेल्या बाईलाही घरच्या कुणीतरी असंच सुनावलं असेल. ती राहिली होती, अशी माझी खात्री आहे. पुरावा मात्र मीच धुऊन टाकला.