प्लास्टिकमध्ये मढवलेले पदवीपत्र

भिंतीवर टांगलेल्या वस्तूने घरातल्या माणसांविषयी बोलू नये, असा शिष्टाचार आहे. तो मी नऊ वर्षे पाळला. मित्रांनो, आज तो मोडते आहे, कारण या घरात आता माझे ऐकून वाईट वाटून घेणारे फारसे कोणी उरलेले नाही. मी पदवीपत्र आहे, परिचारिकेच्या पदवीचे. पनाय बेटावरच्या एका किनारी गावात, येशूच्या तसबिरीखाली माझी जागा आहे. पाहुणे येतात आणि माझ्याकडे मान उंच करून बघतात. ते जवळ येऊन वाचत नाहीत, हे एक बरे.

माझा जन्म याच बेटावरच्या इलोइलो शहरात झाला. जाड, सायीच्या रंगाचा कागद, वर सोनेरी मुद्रा, खाली तीन सह्या. माझ्याबरोबर एकशे बारा भावंडे छापली गेली. आम्हा सर्वांचा मजकूर एकच होता, फक्त नावाची जागा कोरी होती. कॉलेजातला एक वृद्ध लेखनिक तिथे काळ्या शाईने वळणदार अक्षरांत एकेक नाव लिहीत असे. माझ्यावर त्याने लिहिले, ‘मेरिदेल सुमाग्पाओ’. शाई वाळेपर्यंत त्याने फुंकर घातली. त्या क्षणापासून मी कागद राहिले नाही, असा माझा समज झाला. गर्व काय एकट्या माणसांनाच होतो?

मेरिदेलला परिचारिका व्हायचे नव्हते, हे मला पुढे भिंतीवरून ऐकून कळले. तिला समुद्रातल्या शेवाळाच्या शेतीचे शिक्षण घ्यायचे होते. जवळच्या मत्स्यविद्यालयात तिला जागाही मिळाली होती. पण घरात शब्द चालत असे तो तिच्या आजीचा, लोला कॉन्राडाचा; आमच्याकडे आजीला लोला म्हणतात. ही बाई चाळीस वर्षे बाजारात सुकी मासळी विकत बसलेली. शाळा सहावीपर्यंत, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा.

“समुद्रात हात घालायला कॉलेज कशाला लागतं गं?” लोला म्हणाली होती. “तुझा आजा न शिकता घालत होता. नर्स हो. नर्सला सगळं जग बोलावतं.”

“मला रक्त बघवत नाही, लोला.”

“मला मासळीचा वास सोसत होता का? सवय होते.”

मेरिदेलची आई एस्तेर हाँगकाँगला एका घरात स्वयंपाक आणि धुणीभांडी करत असे. तीही फोनवरून हेच म्हणाली. “इंदाय, मी इथे लोकांची भांडी घासते, ती तू घासू नयेस म्हणून. लोलाचं ऐक.” इंदाय म्हणजे आमच्याकडे लाडाची पोर. लाडाच्या पोरीने ऐकले. विचारले कोणीच नव्हते. सांगितले मात्र दोघींनी.

चार वर्षांनी मी घरी आले, तेव्हा फाटकावर मेरिदेलचे तोंड छापलेला हातभर उंचीचा फलक लागला होता. डुक्कर भाजले होते, शेवयांची परात भरली होती. शेजारीण म्हणाली, “काय गं कॉन्राडा, आता आम्हाला ताप आला तर तुझी नात फुकट बघणार ना?”

“तुला दुप्पट फी,” लोला म्हणाली. “तुझा ताप जिभेत असतो, तपासायला वेळ लागतो.”

सारे हसले. मला हातोहात फिरवले गेले. एका म्हाताऱ्याने माझी मुद्रा ओठांना लावली. मेरिदेलकडे कोणी फारसे बघत नव्हते. ती भांडी विसळत होती.

मेरिदेल सरकारी परीक्षाही उत्तीर्ण झाली. परंतु मित्रांनो, आमच्याकडे परिचारिका इतक्या झाल्या आहेत की इस्पितळे त्यांना आधी ‘स्वयंसेविका’ म्हणून ठेवून घेतात. काम पूर्ण, पगार शून्य. अनुभवाचा दाखला मिळावा म्हणून ती दोन वर्षे अशी राबली. रक्ताची सवय झाली. लोलाचे म्हणणे खरे ठरले, आणि लोलाने ते चारचौघांत सांगितलेही.

त्याच काळात मोठे वादळ आले. आमचे छप्पर तीन ठिकाणी गळले, आणि समोरच्या घरातल्या शिक्षिकेचे सगळे दाखले चिखलात लगदा झाले. लोलाने तो लगदा पाहिला. दुसऱ्याच दिवशी तिने मला चौकटीतून काढले, पदराखाली घ्यावे तसे छातीशी धरले आणि बाजारातल्या बेर्तोच्या दुकानात नेले. तिथे मला प्लास्टिकच्या दोन पातळ तावांमध्ये घालून तापलेल्या रुळांमधून काढण्यात आले. मेरिदेल तेव्हा कामावर होती.

“आता शंभर वर्षं काही होत नाही याला,” बेर्तो म्हणाला.

“दोनशे म्हण,” लोला म्हणाली.

मीही चकाकत होते. श्वास कोंडला होता. पण चकाकणाऱ्याला श्वासाची आठवण राहत नाही.

त्यानंतर मेरिदेलने आयुष्यातली पहिली निवड स्वतः केली. जर्मनीतल्या एका इस्पितळाने आमच्या बेटावरून बारा परिचारिका निवडल्या, त्यांत ती होती. तिथे मूत्रपिंडाच्या विकारांचे पुढचे शिक्षण नोकरीसह मिळणार होते. हे तिला कोणी सुचवले नव्हते. ती सहा महिने जर्मन शब्द घोकत होती. ताटे पुसताना, केस विंचरताना. तिला हसताना मी प्रथमच पाहिले ते त्या दिवसांत. एकच अट उरली होती. मूळ पदवीपत्रावर सरकारी शिक्का घेऊन महिनाअखेर ते सादर करायचे.

तिने मला शहरातल्या कचेरीत नेले. खिडकीतल्या बाईंनी मला बोटाने वाजवून पाहिले. टक, टक.

“हे प्लास्टिकमध्ये कोणी घातलं?”

“आजीने.”

“प्रत्येकीची आजीच असते,” बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. “बाळ, शिक्का कागदावर उठतो. यावर कुठे मारू? कॉलेजमधून नवी प्रत आण.”

कॉलेजने अर्ज घेतला आणि सांगितले, नवी प्रत पाच महिन्यांनी. हातात होते अकरा दिवस.

घरी आल्यावर मेरिदेलने आवाज चढवला नाही. तिने फक्त विचारले, “लोला, मला एकदा विचारलं असतंस तर?”

“माझ्या घरातली वस्तू जपायला मी परवानगी मागू?” लोला गरजली. पण त्या दिवशी ती जेवली नाही. तिला चूक कळली होती; कबूल करता येत नव्हती. आयुष्यभर हुकूम सोडणाऱ्या माणसाला क्षमा मागण्याचे शब्द शिकायला उशीर होतो.

मेरिदेल हातपाय गाळून बसली नाही. तिने जर्मनीला सविस्तर पत्र लिहिले, माझे छायाचित्र जोडले, कॉलेजच्या कुलसचिवांचा दाखला जोडला आणि उत्तराची वाट पाहू लागली. हे तिने लोलाला सांगितले नाही. या घरात न सांगण्याची रीत तिने वारशानेच घेतली होती.

पाचव्या दिवशी सकाळी, मेरिदेल कामावर गेल्यावर, लोला मला घेऊन पुन्हा बेर्तोच्या दुकानात गेली.

“उघड हे.”

“लोला, हे मशीन घालतं, काढत नाही.”

“तू घातलंस, तूच काढ.”

“शाई येईल निघून. हाताने लिहिलेलं नाव आहे, बघा ना! मी नाही हात लावणार.”

“मग सरक बाजूला. आयुष्यभर मासळी सोललीय मी.”

तिने बेर्तोची इस्त्री घेतली, मला ऊब दिली आणि नखाने एक कोपरा उचलला. मित्रांनो, मी ओरडू शकत नव्हते. कोपरा सुटला, कडा सुटली. तिच्या चेहऱ्यावर आशा आली. सोनेरी मुद्रा सुखरूप राहिली, सह्याही राहिल्या. मग ती नावापर्यंत आली. प्लास्टिक वर गेले आणि त्याच्याबरोबर ती वळणदार काळी अक्षरे गेली. माझ्यावर उरले ‘मे’ आणि ‘पाओ’. मध्ये खरवडलेला पांढरा पट्टा. लोलाने प्लास्टिक उलटून पाहिले. तिच्या नातीचे नाव तिथे उलटे चिकटले होते.

“मी म्हटलं होतं,” बेर्तो हळूच म्हणाला.

“गप्प बस,” लोला म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला.

दुपारी मेरिदेल धावत घरी आली. जर्मनीचे उत्तर आले होते. तिने फोन वर धरून दारातूनच वाचले, “पदवीपत्र प्लास्टिकमध्ये असले तरी हरकत नाही. कुलसचिवांचा दाखला पुरेसा आहे. मूळ प्रत आहे तशी सोबत आणावी.” मग तिची नजर मेजावर गेली. मी तिथे पडले होते.

तिने मला उचलले आणि खरवडलेल्या पट्ट्यावरून बोट फिरवले. समोरच्या घरात कोणी तरी कोंबडीला हाकलत होते.

नाव नसलेले पदवीपत्र जर्मनीने घेतले नाही. अकरा मुली विमानाने गेल्या, बारावी जागा दुसऱ्या बेटावरच्या मुलीला मिळाली. लोला म्हणाली, “नवी प्रत येऊ दे. पुढच्या वर्षी जा.” पण मेरिदेल थकली होती. दोन वर्षे बिनपगारी, सहा महिने शब्द घोकण्यात. आणि पुढची तुकडी कधी निघेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिने गावातल्या दलालाकडून अर्ज आणला. हाँगकाँगला घरकामासाठी. त्यात शिक्षणाविषयी काही विचारले होते का? होते. ‘लिहिता-वाचता येते काय?’ तिने लिहिले, ‘हो.’

“नानाय,” तिने फोनवर आईला सांगितले, “मी तुझ्याच शहरात येतेय. घरकामाला.”

आईने कारण विचारण्याआधीच ती पुढे म्हणाली,

“रविवारी तुम्हा सगळ्यांना सुट्टी असते ना? तुम्ही बागेत चटया टाकून बसता ना? मला जागा धर.”

मेरिदेल गेली. लोलाने मला पुन्हा चौकटीत बसवले आणि खिळा आणखी उंच ठोकला, नाव वाचता येणार नाही इतका उंच. नवी प्रत पाच महिन्यांनी खरोखरच आली. लोलाने ती टपालाने हाँगकाँगला पाठवली. ती तिथे कोणत्या कपाटात आहे, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला जपले नाही असे मी म्हणणार नाही. माझ्याइतका जपलेला कागद या बेटावर नसेल. म्हणूनच अधिकाराने सांगते. आजी-आजोबांनी ऐकावे, आईबापांनी ऐकावे. मुलाचा दाखला कुठे ठेवायचा, त्याने काय शिकायचे, कुठे जायचे, हे ठरवण्यापूर्वी त्याला समोर बसवा आणि विचारा. मग त्याचे उत्तर संपेपर्यंत गप्प राहा. आणि मुलांनो, तुम्हीही मनातले घरात सांगत जा, रागावणाऱ्यांना तर आधी सांगा. लोला आता ऐंशी वर्षांची आहे. दर रविवारी फोन वाजला की ती विचारते, “इंदाय, जेवलीस का?” याशिवाय दुसरा प्रश्न तिला अजून विचारता आलेला नाही.