चंद्रप्पाच्या माळवदाचे साणे

मित्रांनो, एका शहाण्या म्हणविणाऱ्या घराने आपलाच श्वास आपल्याच हाताने कसा कोंडला, याचा वृत्तान्त मी आता आपणांपुढे सादर करीत आहे. ज्यांना मनुष्याच्या बुद्धीची स्तुती ऐकावयाची असेल, त्यांनी कृपा करून दुसरीकडे जावे.

मी एक जुने साणे आहे. मातीच्या सपाट छपराला, म्हणजे माळवदाला, धूर जाण्यासाठी व उजेड येण्यासाठी जे गोल भोक ठेवतात, तेच मी. परभणी जिल्ह्यातील ताडकळस गावी, निजामाचे राज्य असताना, चंद्रप्पा वाण्याच्या घरावर माझा जन्म झाला. मुंजाजी नावाच्या कारागिराने भिंतींवर आडवे लाकडी सरे टाकले, वर पांढरी माती अंथरली आणि मधोमध भाजलेल्या मातीचे कडे बसवून मला घडविले. पावसापुरती झाकण्यास एक फरशीही दिली. जाताना तो चंद्रप्पाला म्हणाला, "आप्पा, खालच्या खिडकीतून गार हवा आत येती, तापलेली ह्या भोकातून वर जाती. दोनी उघडी ठिवा. घर खोकायचं न्हाई."

चंद्रप्पाने मान डोलावली. मान डोलावण्यास बुद्धी लागत नाही, हे मला त्याच दिवशी कळले.

तेरा वर्षे मी इमानाने धूर ओढला. चुलीचा, शेगडीचा, ओल्या तुराट्यांचा. भिंतींना कुबट वास येऊ दिला नाही. कोणी माझे नाव काढले काय? छे! पाहुणे आले की चंद्रप्पा दाराची पितळी कडी दाखवी. माझ्याकडे बोट केले ते एकदाच, माझ्या कडेला काजळी धरली म्हणून.

मग लेव्हीचे दिवस आले. सरकारची माणसे घरोघर जाऊन ज्वारी नेऊ लागली. चंद्रप्पाने माझ्याखालच्या खोलीत जमिनीत पेव खणून ज्वारी दडविली आणि त्याला भीती पडली, की कोणी माळवदावर चढून माझ्यातून डोकावेल. त्याने माझ्यावर फरशी ठेवली, तिच्या कडा चिखलाने लिंपल्या आणि खिडकीलाही फळ्या ठोकल्या. एवढा बंदोबस्त करून तो माणूस स्वतःवर किती प्रसन्न झाला होता!

त्याच महिन्यात त्याची लेक भागम्मा बाळंतपणास माहेरी आली. तिचे पहिले लेकरू सहा दिवसांचे असतानाच दगावले होते. दुसरे झाले, मुलगा झाला, आणि मायलेकरांना निजविले त्याच बुजविलेल्या खोलीत. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा. धूर वर चढे, माझ्या बंद तोंडाशी येऊन थबके आणि परत खाली उतरे. निखाऱ्यांचा विखार तर डोळ्यांना दिसतही नाही.

चौथ्या दिवशी बाळ खोकू लागले. भागम्माचे डोके ठणकू लागले. बाळाची आजी शिवम्मा हिने दृष्ट काढून मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. या लोकांचे शास्त्र असे, की मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट आहे, आणि लागला तर नाही. सगळ्यांना ठसका लागला.

"दिष्ट न्हाई बग," शिवम्मा खोकत म्हणाली. "गारठा हाय. आनिक एक शेगडी आना."

आणि दुसरी शेगडी आली! मित्रांनो, मी दगडमातीचे आहे, परंतु त्या क्षणी मला मनुष्य न झाल्याचे समाधान वाटले.

पाचव्या दिवशी सकाळी बाळाचे ओठ निळसर पडले. सुईण बायनाबाई न्हाऊ घालायला आली, ती उंबऱ्यातच डोळे पुसू लागली.

"काय वं शिवम्मा, लेकराला न्हाऊ घालायचंय का भट्टीत भाजायचंय?" मग तिने वर पाहिले. त्या घरात इतक्या दिवसांत वर पाहणारी ती पहिलीच. "साणं कुटं गेलं?"

"बुजवलंय," चंद्रप्पा हळू आवाजात म्हणाला. "कुणी वरून जवारीचं पेव बघंल."

"बघू द्या की! तुमचं जवारीचं पेव दिसंल. न्हाई उघडलं तर लेकराचं मढं दिसंल. काय दाखवायचंय, बोला."

ती उत्तरासाठी थांबली नाही. तिने मायलेकरांना ओसरीवर बसविले, पहार घेतली, शिडीने वर आली आणि लिंपलेला चिखल फोडून फरशी बाजूला ढकलली. कोंडलेला धूर माझ्यातून भसाभसा निघाला. खाली तिनेच खिडकीच्या फळ्या उचकटल्या. ओसरीवर बाळ पुष्कळ वेळ नुसतेच धापा टाकीत होते. मग ते मोठ्याने रडले आणि भागम्माही रडली.

आठ दिवसांनी लेव्हीवाले आले. ते दारातून आले, काठीने जमीन ठोकली, पेव सापडले, ज्वारी नेली. माझ्यातून डोकावण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. तरी चंद्रप्पाने दोष दिला मलाच! "ह्या भोकानं घात केला," म्हणत त्याने चिखलाची पाटी उचलली आणि शिडीवर पाय ठेवला.

भागम्मा बाळाला घेऊन दारात उभी राहिली.

"आप्पा, साणं बुजवायचं असलं तर आदी गाडी जुंपा. मी लेकरू घिऊन सासरी जाते."

"अगं, ओली बाळंतीण तू..."

"गाडी जुंपा."

चंद्रप्पाने शिडीवरचा पाय मागे घेतला. मग त्याने पाटी खाली ठेवली. तो काही समजला, असे मी म्हणणार नाही. तो लेकीला भ्याला, आणि अशा माणसाकडून एवढेही पुष्कळ.

मित्रांनो, आपल्या घरी मान वर करून पाहा. जिथून धूर जातो ते बुजवू नका. जिथून वारा येतो तिथे पोती रचू नका. बाळंतिणीची खोली उबदार असावी, परंतु कोंदट नसावी. एवढे समजण्यास शाळेची गरज नाही.

साण्याचे हे आत्मवृत्त लिहून आपणांपुढे ठेवणारा, आपला नम्र, भुजंग व्यंकटराव ताडकळसकर. शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.