डबीत राहिलेले शब्द

मित्रांनो, मी एक जुना, घड्यांवर विरलेला कागद आहे. कॅसेटच्या डबीत गाण्यांचे शब्द छापलेला कागद असायचा ना, तोच मी. आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे आणि त्याला कारण आहे.

छापखान्यात अंगावरची शाई ओली असताना मला वाटायचं, माझ्यावाचून गाणं कळणार कोणाला? मग एका शिंप्याच्या दुकानात आलो. पहिल्याच दिवशी कॅसेट गेली टेपमध्ये आणि मी राहिलो डबीत. तिच्यातल्या एका गाण्याचा ताल असा, की मास्तरांचा पाय मशीनवर आपोआप पळायचा. "हे गाणं लावलं की शर्ट भराभर निघतात," असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. काज-बटण करणारी त्यांची बायकोही दिवसभर तेच गुणगुणायची, नुसतं ला-ला-ला. फीत गुंतली की मास्तर पेन्सिल घालून ती हलक्या हाताने गुंडाळायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला मात्र कोणी बोटही लावलं नाही.

वर्षं गेली. मास्तरांच्या लेकीचं लग्न ठरलं. "हॉलमध्ये शिरताना मला आपलं दुकानातलं गाणंच हवं," ती म्हणाली. कॅसेट शोधताना आईच्या हातून डबी उघडली आणि मी बाहेर पडलो. तिने मला वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी तर हरखूनच गेलो.

"अहो, हे तर घर सोडून निघालेल्या बाईचं गाणं आहे! 'दार ओढून घे, मी परत यायची नाही.' आणि यावर आपली पोर लग्नाला उभी राहणार?"

"असेल. ताल बघ की!" मास्तर म्हणाले. त्यांचा पाय थांबला नाही.

लेक हसली. "आई, मला शब्द पाठ आहेत गं. म्हणून तर हवंय. आत जाताना बाहेर पडायचं दार ठाऊक असलेलं बरं."

पाठ आहेत? शिकली कुठून? त्या फितीकडूनच! मी डबीत कुढत बसलो आणि इकडे माझे शब्दसुद्धा तिनेच पोचवले. असा जळफळाट कधी झाला नव्हता.

लग्नात गाणं वाजलं, पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. जाताना लेक कॅसेट घेऊन गेली आणि डबी इथेच राहिली. चला, पीडा टळली, असं मी म्हटलं.

पण हल्ली दुपारी मास्तर जेवून आडवे झाले की त्यांची बायको मला उलगडते. सावकाश वाचते. तिचे ओठ हलतात ते त्याच चालीवर, आणि मी तेव्हाही जळतो. वाचून झालं की ती दाराकडे बघत बसते.

"काय गं, काय वाचतेस?" मास्तर पडल्या पडल्या विचारतात.

"काही नाही," ती म्हणते आणि माझी घडी घालते.

मित्रांनो, चाल खुशाल आवडू द्या, पण गाणं म्हणतंय काय, तेही कधीतरी विचारा. शब्दांचा कागद फेकू नका. मास्तरांनी मला अजून एकदाही वाचलेलं नाही. माझ्या कौतुकाचं राहू द्या, पण त्यांनी मला वाचायला हवं, आणि लवकर वाचायला हवं.